लहान मुलांना इंटरनेट द्यायचं की नाही? माझं मत जरा सविस्तर

हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते मोबाईलला हातच लावू द्यायचा नाही, दुसरी म्हणते आजच्या जगात हे सगळं यायलाच पाहिजे नाहीतर पोरं मागे पडतील. मला दोन्ही पटत नाही आणि दुसरं तर जास्तच पटत नाही. स्क्रीनवर बोट फिरवायला दोन वर्षांचं पोर आपलं आपण शिकतं, त्यात मागे पडण्यासारखं आहेच काय? शिकायला खरंच वेळ लागतो तो समोर दिसतंय ते खरं की खोटं हे ओळखायला, हा माणूस मला हे का दाखवतोय हे कळायला, आणि आता पुरे म्हणून स्वतःहून थांबायला. भल्याभल्या मोठ्या माणसांना जे जमत नाही ते पाच वर्षांच्या मुलाला एकट्याला मोबाईल देऊन कुठून येणार?

माझं मत असं की साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंत मुलाने इंटरनेटवर एकटं असूच नये. बघू दे की, पण कोणीतरी शेजारी पाहिजे. शेजारी म्हणजे शेजारी, स्वयंपाकघरातून "काय बघतोयस रे" असं ओरडून विचारणं नाही.

एकटं का नको, तर मूल जे बघतं ते त्याने निवडलेलं नसतंच. पहिला व्हिडिओ आपण लावून देतो, ट्रॅक्टरचा समजा, तो संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि मग त्याच्या पुढचा, आणि हे कोण ठरवतं तर कुणीतरी जास्तीत जास्त वेळ बघत राहावं म्हणून बनवलेली सिस्टीम. माझी एक भाची अशीच बघत बसली होती, मी सहज वॉच हिस्ट्री, म्हणजे काय काय बघितलं त्याची यादी, उघडून खालून वर वाचत गेले. सुरुवात बडबडगीतांनी, मग खेळण्यांची पाकिटं फोडणारे हात, मग कार्टूनमधलं बाळ रडतंय आणि त्याला मोठमोठी इंजेक्शनं टोचतायत. मधे कुठेही तिने काही टाईप केलेलं नव्हतं, तिला अजून लिहिताही येत नाही. 2017 मध्ये असल्याच विचित्र कार्टून व्हिडिओंवरून जगभर ओरड झाली होती, यूट्यूबने ढीगभर काढून टाकले, पण नवे येतच राहतात.

आता कोणी म्हणेल मुलांसाठी वेगळं ॲप आहे ना. आहे, यूट्यूब किड्स 2015 पासून आहे, आणि 2019 मध्ये अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल यूट्यूब आणि गुगलला मिळून 17 कोटी डॉलर भरावे लागले, त्यानंतर मुलांच्या व्हिडिओंवरच्या कमेंट बंद झाल्या, त्यांची माहिती वापरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीही बंद झाल्या. चांगलंच झालं. पण आपल्यातली किती मुलं ते वेगळं ॲप वापरतात? बहुतेक पोरं आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवर, आई-बाबांच्याच अकाउंटवरून बघतात. त्या मशीनच्या लेखी समोर 35 वर्षांचा माणूस बसलाय. मग लहान मुलांच्या खात्यांसाठी केलेली कुठलीही सोय तिथे लागूच होत नाही.

तीच गत जन्मतारखेची. सोशल मीडियावर 13 ची अट असते म्हणून खूप जणांना वाटतं की तेराव्या वर्षी मुलं याला तयार होतात असं कुणा तज्ज्ञांनी ठरवलंय. तसं काही नाहीये. अमेरिकेत 1998 साली कायदा झाला, की 13 पेक्षा लहान मुलांची माहिती आई-वडिलांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही. कंपन्यांनी ती परवानगीची भानगड टाळली आणि सरळ 13 चा आकडा टाकला. आणि आपण काय करतो, दहा वर्षांच्या मुलीने हट्ट केला की तीन वर्षं वाढवून तारीख भरून देतो. पुढचा हिशोब कुणी करत नाही. ती खरी पंधरा वर्षांची होईल तेव्हा ते अकाउंट तिला अठरा पूर्ण समजणार, म्हणजे मोठ्यांच्या जाहिराती, मोठ्यांचा मजकूर, आणि अनोळखी माणसांच्या मेसेजवर असलेली बंधनंही सैल. खोटी तारीख भरून देणं ही छोटी गोष्ट नाहीये हो, कृपा करून करू नका.

पण म्हणून दार बंदच करा असंही मी म्हणणार नाही. त्याच भाचीने एकदा विचारलं की गोगलगाईला दात असतात का. मला माहीत नव्हतं, दोघींनी मिळून शोधलं, तर असतात आणि हजारो असतात, जिभेसारख्या एका पट्टीवर बारीक रांगा! मग फोटो बघितले, मग फोन बाजूला ठेवला आणि पुढचा अर्धा तास ती जिभेने कागद खरवडता येतो का ते बघत होती. प्रश्न तिचा होता आणि उत्तर मिळाल्यावर आम्ही थांबलो. इंटरनेट असं वापरलं तर सोनं आहे. लांब राहणाऱ्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं हेही मी वाईट वापरात धरत नाही, त्यात समोर आपलं माणूस असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला फार तर एक तास, त्याहून लहान असतील तर नकोच. हे ऐकून दमलेल्या आईला राग येतो आणि मला तो समजतो. दिवसभर काम, मदतीला कोणी नाही, वीस मिनिटं शांतता हवी असते. तर तेव्हा नेट बंद करा आणि आधी स्वतः बघून डाउनलोड केलेले दोन एपिसोड द्या. संपले की संपले, पुढे आपोआप काही येत नाही.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 च्या आतल्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी घातली, जबाबदारी कंपन्यांवर टाकली आणि दंडही मोठा ठेवला. मला ते आवडलं, कारण दरवेळी आईबापांनाच दोष देऊन कंपन्या मोकळ्या सुटतात. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला हा कायदा कसा पोचणार, त्याचं अकाउंटच नसतं, हातात आपलाच फोन असतो.

आणि एक गोष्ट मुलांना अगदी लहानपणापासून सांगा, की काही घाण किंवा भीतीदायक दिसलं तर लगेच आम्हाला दाखव, आम्ही ओरडणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही. मग मूल खरंच दाखवायला आलं की कितीही धक्का बसला तरी आवाज चढवू नका, कारण एकदा ओरडलात की पुढच्या वेळी ते दाखवायला येणार नाही, लपवेल.