गाडीचं बीपी

संक्रांत झाली की सासूबाईंना तुळजापूरला न्यायचं, हा आमच्या घरचा कायदा. यंदा तामलवाडीच्या पुढे गाडीने नारिंगी दिवा लावला आणि अंगच टाकलं. गिअर बदला, पाय दाबा. आरपीएमचा काटा दोन हजारांच्या वर जाईना. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. ड्रायव्हरने जाता जाता हात केला, तोही 'या सावकाश' असा. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या जावईबापू, देवीला उशीर चालतो." एरवी त्यांना दहा मिनिटंही चालत नाहीत.

सोलापुरात परतल्यावर निदान सुरू झालं. सात रस्त्यावरचा चहावाला म्हणाला, डिझेलात पाणी. मेहुणा म्हणाला, फिल्टर. शेजारचे काका म्हणाले, नजर. फिल्टर बदलला, लिंबू-मिरचीही बांधली. दिवा तसाच.

मग गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड आला पी ०१९३, म्हणजे फ्युएल रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल प्रमाणाबाहेर चढलेला. "बघा साहेब, रेलमध्ये, म्हणजे इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, इंजिन चालू ठेवून गाडी नुसती उभी असली तरी दाब तीनशे बारच्या आसपास, जोर दिला की हजाराच्या पुढं. तो दाब कॉम्प्युटरला कळवतो हा सेन्सर. हा बरळला की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिनचा गळा धरतो." मला गाडीबद्दल एकदम आपुलकी वाटली. माझंही बीपी घरी १३० असतं आणि दवाखान्यात १६०.

सेन्सर बदलला. साडेसहा हजार. दिवा विझला, आणि चौथ्या दिवशी होटगी रोडवर पुन्हा उगवला. "मग पंप असणार," गॅरेजवाला शांतपणे म्हणाला. पंपाचा आकडा ऐकून माझं बीपी दवाखान्याबाहेरही चढलं.

शेवटी अक्कलकोट रोडवरच्या एका इलेक्ट्रिशियन चाचांकडे गेलो. त्यांनी बदलायची भाषाच काढली नाही. "पैले मोजके देखेंगे," म्हणत मीटर काढला. चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी सिग्नलच्या वायरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास यायला हवं. मीटर पाचाला टेकला होता. "बंद गाडी को इतना टेन्शन?" चाचा माझ्याकडे बघत म्हणाले. सेन्सरच्या तीन वायरी. पाच व्होल्टची वायर ठीक होती. अर्थिंगची तपासताना त्यांनी वायरिंग नुसतं हलवलं आणि मीटरवरचा आकडा नाचायला लागला. टेप सोलली. आत वायर कुरतडलेली, दोन-तीन तारांवर कशीबशी लोंबत होती. आणि शेजारी, इंजिनवरच, शेंगांची टरफलं.

चटणीसाठी गावाहून आणलेलं शेंगांचं पोतं दोन रात्री डिकीतच राहिलं होतं. "आत आणा, आत आणा," असं बायकोने तीनदा सांगितलं होतं. आता ती माझ्या शेजारीच उभी होती आणि काहीच बोलत नव्हती. बोलली असती तर परवडलं असतं.

चाचांनी वायर जोडून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली आणि तीनशे रुपये घेतले. खात्रीसाठी जुना, 'खराब' सेन्सर लावून पाहिला. झकास चालला. तोच ठेवला. नवा घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो, तर त्याने गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही.'

सध्या गाडीखाली पिंजरा लावलाय. आमिष म्हणून आपली सोलापुरी कडक भाकरी. तीन रात्री झाल्या, उंदराने तिला तोंडही लावलेलं नाही. वायर मऊ लागत असेल.