"मुद्दाम लटकवलं" या रिव्ह्यूला आमच्या लॅबचं उत्तर

नमस्कार सर,

मातीच्या चाचणीच्या रिपोर्टसाठी तुमचं काम अडून राहिलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. साइटवर माणसं बसून असताना रोज फोनवर "अजून नाही" ऐकणं किती त्रासाचं असतं, ते आम्ही जाणतो.

पण "मातीची चकती दाबायला एवढे दिवस? मुद्दाम लटकवलं, दुसऱ्या लॅबने तीन दिवसांत दिला असता" हे वाचून फार लागलं. आमचं पोट या लॅबवर आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कन्सॉलिडेशन टेस्ट म्हणजे दाबाखाली माती किती आणि किती वेगाने दबते ते बघणारी चाचणी. तिची चकती जेमतेम 20 मिमी जाडीची असते. पण तिच्यावर सगळं वजन एकदम ठेवून चालत नाही. 25 किलोपास्कलपासून दाब दुप्पट करत 800 पर्यंत जायचं आणि प्रत्येक टप्प्याला 24 तास द्यायचे. चिकणमाती दबते ती आतलं पाणी बाहेर पडेल तशी, आणि ते झिरपतं फार सावकाश. वजन ठेवल्याबरोबर दबणं मोजणाऱ्या डायल गेजचा काटा भराभर सरकतो. काही तासांनी तो हलतोय की नाही हेही डोळ्यांना कळत नाही. तरी रिडिंग चुकवायचं नसतं. असे सहा टप्पे झाले की वजन उतरवत माती किती फुगते तेही मोजायचं. आठवडा इथेच जातो.

तीन दिवसांत आकडा देता येतो, नाही असं नाही. लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तेव्हाचं पाण्याचं टक्केवारीतलं प्रमाण) घ्या, त्यातून 10 वजा करा, 0.009 ने गुणा, झाला कॉम्प्रेशन इंडेक्स, म्हणजे दाब वाढला की माती किती दबेल ते सांगणारा आकडा. पण हे सूत्र पाण्याखाली थराथराने साचलेल्या मातीवरून बसवलेलं आहे. तुमची तांबडी माती खडक जागेवरच कुजून झालेली. तिचे कण लोहाच्या ऑक्साइडने एकमेकांना धरून असतात. एका मर्यादेपर्यंत ती दाब सहन करते, ती पकड सुटली की झपाट्याने दबते. तुमच्या आलेखात 200 किलोपास्कलच्या पुढे रेषा कशी खाली उतरली आहे बघा. सूत्राला हे दिसत नाही, बांधकामाच्या पायाला मात्र भोगावं लागतं.

"रात्रभर ओव्हनमध्ये टाकायची होती" असंही तुम्ही लिहिलंय. उष्ण, दमट प्रदेशातल्या अशा मातीत हॅलॉयसाइट नावाचं खनिज असेल तर 105 अंशांवर त्याच्या थरांमधलं पाणी उडतं आणि भिजवली तरी परत शिरत नाही. कण गुठळ्या धरतात, लिक्विड लिमिट कमी येतं आणि माती आहे त्यापेक्षा चांगली दिसते. म्हणून लिक्विड लिमिट माती न वाळवता, मूळ ओलीवरच काढलं. पाण्याचं प्रमाण 105 अंशांसोबत 50 अंशांवरही तपासलं. त्या कमी तापमानाला वजन स्थिर व्हायला वेळ लागतो. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

आणखी एक, राग मानू नका. तुमच्या माणसाने पहिला नमुना उघड्या पोत्यातून आणला होता, वाळून भेगा पडलेला. तो परत करून मेणाने बंद केलेली ट्यूब मागवली. ती येईपर्यंतचे दिवसही तुम्ही आमच्याच नावावर धरलेत. दोन्ही पावत्यांवर तारखा आहेत.

यापुढे अंदाजे तारीख पावतीवरच लिहून देऊ, फोनचंही काहीतरी बघतो. रिडिंगची वही लॅबमध्ये आहे. फुटिंगचा आकार ठरवण्याआधी तुमच्या इंजिनिअरना घेऊन या, प्रत्येक टप्पा समोर बसून दाखवतो.