मिक्सर आणि साधी राहणी

एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमुळे ऑनलाइन विक्री जीवनावश्यक वस्तूंपुरती उरली आणि मिक्सर त्या यादीत बसला नाही. यादी करणाऱ्यांनी कधी इडलीचं पीठ वाटलेलं नसावं. त्या दिवसांत घरोघरी साध्या राहणीचा साक्षात्कार झाला. 'पाट्यावरच्या चटणीची चवच न्यारी' असं म्हणणारे बहुतेक जण मात्र वरवंट्यापाशी नव्हे, ताटापाशी बसलेले होते.

माझं मत विचाराल तर उपभोगवादाला आळा घालायला पाट्यापर्यंत जायला नको, मिक्सर उलटा केला तरी भागतं. आधी प्लग काढा. उच्च विचारांची विजेला कदर नसते. तळाशी बहुधा लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. वाटण फार घट्ट झालं की मोटरवर ताण येतो, बटण बाहेर येतं आणि घरात 'जळला! नवीनच घेऊ' अशी घोषणा होते. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, भांड्यातलं थोडं काढा, बटण आत दाबा. नव्या खरेदीचे निम्मे विचार इथेच विरतात.

मोटर घरघरते पण पातं हलत नाही, तर कपलर, म्हणजे मोटरची फिरकी भांड्यातल्या पात्याला देणारी वरची दातेरी चकती, झिजलाय. मोटरचा दांडा खालून धरून कपलर फिरवून काढायचा. बहुतेक मिक्सरांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. सवयीचे लोक उलट्या बाजूला जोर लावून तो आणखी आवळतात आणि मग 'हल्लीच्या वस्तूंत दम नाही' म्हणतात. नवा आणायला जाताना जुना खिशात न्या. दुकानातले सगळे कपलर सारखेच दिसतात, बसतो त्यातला एखादाच.

ठिणग्या फार उडत असतील तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, बघा; बदलायचे ते जोडीनं. आणि भांड्याखालून काळं पाणी गळत असेल तर दोष भांड्याच्या बुशाचा (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) नाहीतर पाणी अडवणाऱ्या सीलचा. त्यासाठी अख्खा मिक्सर बदलणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलणं.

वॉरंटी चालू असेल तर मात्र स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. घरी खोललेल्या मिक्सरला कंपनी ओळख देत नाही. फक्त बिल शोधा. ते 'जपून ठेवलेलं' असतं, म्हणून आधी चहा घ्या.