पांदणीवर जायचंय तर आवाज घरी ठेवा

आज सकाळी नागपुरात लॉ कॉलेज चौकात चहा घेताना सहज बोललो की पुढची गाडी इलेक्ट्रिक घेतोय, रोज ऑफिसला आणि रविवारी ट्रेलवर चालेल अशी. सगळे तुटूनच पडले. "आवाजच नाही तर ती बाइक कसली बे?" बोलणारा माझा जुना मित्र आहे. दिवसभर तेच वाक्य डोक्यात फिरून राहिलंय. लांब लिहिणार आहे, वेळ असेल तर वाचा.

आपण ज्याला ट्रेल म्हणतो ते रस्ते कुणाचे आहेत? हिंगण्याच्या पुढे झिल्पीकडे, कोंढाळीच्या बाजूला, नगरधनच्या मागे, सगळ्या पांदणी आहेत त्या. शेतात बैलबंडी जावी, घरी सोयाबीन यावं म्हणून सोडलेल्या. आपल्यासाठी कुणी बांधलेल्या नाहीत.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी अशाच एका पांदणीवर आमचा ग्रुप गेला होता. पाऊस उघडला होता, काळी माती ओलीच होती. समोरून बंडी आली, वर एक म्हातारे बाबा. आमच्यातल्या एकाने बाहेरून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला. बंडी दिसत असूनही त्याने रेस दिली. बैल बुजले, बंडी शेताच्या धुऱ्यावर चढली आणि एक चाक नालीत गेलं. एका बैलाचा गुडघा सोलून निघाला. मी मागे होतो. गाडी टाकून चिखलात उतरलो, दोघा-तिघांनी मिळून चाक वर काढलं. बाबांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते बैलाच्या गुडघ्यावरून हात फिरवत एवढंच बोलले, "बैलाले काय समजते भाऊ, वाघ हाय का फटफटी."

बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल तिथून फार लांब नाही. वाघ ही त्यांच्यासाठी बोलायची गोष्ट नाही, रोजची आहे.

पुढे पुन्हा तिकडे गेलो तर पांदणीच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. बरोबर केलं त्यांनी. अगदी बरोबर केलं. असे किती रस्ते आपण गमावणार आहोत, आणि कशासाठी? आवाजासाठी!

म्हणून मी इलेक्ट्रिक बघतोय. पेट्रोलचे पैसे वाचतील ते वाचतील. "पण वीज कोराडीच्या वीजकेंद्रातल्या कोळशावरच ना?" हो, कोळशावरच आहे. पण त्या बैलाला कोराडीने नाही बुजवलं.

आता गाडीचं बोलू. सगळ्यांचा पहिला प्रश्न रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर. कंपन्या रेंज सांगतात ती आयडीसी (इंडियन ड्रायव्हिंग सायकल) नावाच्या ठरावीक चाचणीतली, आणि त्या चाचणीत वेग ताशी ४२ किलोमीटरच्या वर जातच नाही. वर्धा रोडला ८० ने पळालात तर हवेचा रेटा ४० च्या चौपट होतो, बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. उलट पांदणीवर आपण वीस-पंचवीसच्या वेगात असतो, तिथे तीच बॅटरी पुरून उरते. म्हणजे ट्रेलपर्यंत पोचायला जास्त लागते, ट्रेलवर कमी. बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीने मार्च २०२५ मध्ये शॉकवेव्ह ही इलेक्ट्रिक बाइक दाखवली, तिची बॅटरी ४ किलोवॉट-अवर (चार युनिट वीज मावेल एवढी) आणि रेंज १६५ किलोमीटर सांगितली आहे. मी माझ्या हिशेबाने शंभर धरतो. झिल्पी होऊन परत येणं आरामात होतं. रामटेक जाऊन-येऊन शंभरच्या घरात जातं, तिथे जेवायच्या वेळेत कुठेतरी प्लग लावावा लागेल. पेंच मात्र एका दमात नाही, हे कबूल. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे त्या वेगाचा विचारच सोडा.

खरा प्रश्न वजनाचा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. शॉकवेव्ह १२० किलोची सांगितली आहे. रॉयल एनफिल्डची पेट्रोलवरची हिमालयन ४५० जवळपास दोनशेची. ज्यांनी ओल्या काळ्या मातीत पडलेली दोनशे किलोची गाडी एकट्याने उचलली आहे त्यांना जास्त सांगायला नको. बाहेरच्या देशात झीरो या अमेरिकन कंपनीची डीएसआर/एक्स ही इलेक्ट्रिक बाइक आहे, १७.३ किलोवॉट-अवरची, सुंदर गाडी, पण वजन अडीचशेच्या जवळ. आपल्या पांदणीवर तिचं काय करणार? अल्ट्राव्हायोलेटच्याच एक्स-४७ चं नावही लोक घेतात. बॅटरी मोठी आहे, हायवेला चांगलीच असेल, पण तीही दोनशेच्या घरात. बॅटरी वाढली की वजन वाढतं. रेंज रेंज करणारे लोक गाडी जड करून घेतात आणि मग ट्रेलवर जातच नाहीत.

क्लच नाही, गिअर नाही, हे ऐकून मित्र हसले. चिखलात अगदी हळू चालताना क्लच धरून बोटं दुखवायची नाहीत, गाडी बंद पडायची नाही, मूठ जेवढी फिरवली तेवढीच ताकद चाकाला. मला तरी यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

ऊन मात्र चिंतेची बाब आहे, ते मी नाकारत नाही. आपल्या गावात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ ला गेला होता. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. म्हणून सेल कोणते ते विचारायचं (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल, उन्हाला जास्त टिकतात, वजनाला जरा जड पडतात), आणि दुपारी तापून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही. तसं पाहिलं तर मे महिन्यात दुपारी ट्रेलवर जायचं कारणच काय?

आणि एक. आवाज नसलेली गाडी मागून येते हे डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाईला कळत नाही. धोका आहे. लांबूनच वेग कमी करायचा, गरज पडली तर उतरून गाडी ढकलत पुढे न्यायची. १२० किलोची गाडी ढकलता येते.

सकाळी मी चिडून निघून आलो. आता वाटतं, मित्राचाही दोष तेवढा नाही. त्या दिवशी तो आमच्यासोबत नव्हता. बाबांचा हात बैलाच्या गुडघ्यावर फिरताना त्याने पाहिला नाही. रेस देणारा मात्र तिथेच उभा होता, आणि त्याच्या गाडीला आजही तोच सायलेन्सर आहे. त्याच्यावरचा राग काही जात नाही.

बुकिंग अजून केलेलं नाही. पार्किंगमध्ये माझ्या मीटरवरून पंधरा अँपिअरचा सॉकेट ओढायला सोसायटीने होकार दिलाय, ते काम या आठवड्यात उरकतो. मग टेस्ट राइड मागणार, तीही सिमेंट रोडवर नाही, कच्च्या रस्त्यावर. आणि सर्व्हिस नागपुरात होईल हे लेखी घेणार. टेम्पोत घालून पुण्याला पाठवायची गाडी मी घेणार नाही.