अर्धे पैसे संस्थेला जातात म्हणून भाव पाडू नका

घरातल्या जुन्या वस्तू मी ऑनलाइन विकते आणि अर्धे पैसे रुग्णसेवा करणाऱ्या एका संस्थेला देते. आज सकाळपासून भाव पाडायला आलेला हा तिसरा माणूस. तिसरा! तेच वाक्य, तोच लाडिक सूर. "ताई, नाहीतरी तुम्ही दानच करणार आहात ना, मग मला थोडं कमी करा की."

नाहीतरी! हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. नाहीतरी म्हणजे काय हो? पैसे संस्थेला जाणार म्हणजे ते वाऱ्यावर सोडलेले आहेत, ज्याच्या हाताला लागतील त्याने खिशात घालावेत, असा अर्थ काढलात का तुम्ही? मी दान करणार आहे, पण तुम्हाला नाही. तुम्ही चांगल्या स्थितीतलं, धुऊनपुसून ठेवलेलं कपाट विकत घेताय. मला ज्याला मदत करायची आहे तो तुमच्या दारात नाही, अंथरुणावर आहे.

सांगूनच टाकते सगळं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटचे चार महिने ती उठूही शकत नव्हती. एक संस्था आमच्या घरी नर्स पाठवायची, एक पैसाही न घेता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, आईला न उचलता चादर कशी काढायची, चमच्याने पाणी पाजताना मान कशी धरायची, हे मला त्या बाईंनी शिकवलं. आई गेल्यावर घरात तिच्या वस्तू होत्या, आमच्याही न लागणाऱ्या बऱ्याच होत्या. त्याच सुमारास नवऱ्याचं काम कमी झालं. मग ठरवलं, एकेक वस्तू ऑनलाइन विकायची. खर्च वजा जाता हातात जे राहील त्यातलं अर्धं त्या संस्थेला, अर्धं घरखर्चाला. हे मी प्रत्येक जाहिरातीत स्पष्ट लिहिते. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही.

तर त्यावरही लोकांना बोलायचं असतं. "अर्धेच का? खरी सेवा असेल तर सगळे द्या." एका गृहस्थांनी तर लिहिलं की मी सेवेच्या नावाखाली धंदा करते. अहो, मुलाची फी कोण भरणार? विजेचं बिल कोण भरणार? ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर विकणाऱ्याला दहा टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत कितीही वाटा संस्थेच्या नावे करता येतो, आणि त्या प्रमाणात साइट आपलं कमिशनही सोडते. म्हणजे थोडं स्वतःला, थोडं दुसऱ्याला, हा हिशेब किती माणसं करतात आणि तो किती साधा आहे, हे त्या साइटला कधीच कळलंय. मी ज्या साइटवर विकते तिथे तसली सोय नाही. तिथे कमिशन पुरतं कापलं जातं, आणि उरलेल्यातून मी अर्धं देते. मला धंदेवाईक म्हणणाऱ्याने गेल्या महिन्यात कुणाला काय दिलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता भाव पाडणाऱ्यांना एकदा हिशेब दाखवते, कारण "थोडंसंच कमी करा" म्हणताना ते नक्की कुणाचं काय कमी करतात हे त्यांना दिसत नाही. वस्तूची किंमत शंभर धरा. कमिशन, खोका, बबलरॅप, चिकटपट्टी यात वीस गेले. उरले ऐंशी. चाळीस संस्थेला, चाळीस घराला. आता तुम्ही घासाघीस करून सत्तरवर आणलंत. खोका तेवढाच लागतो. चिकटपट्टी तेवढीच लागते. कमिशन जरासं उतरतं, पण हातात पन्नासच्या थोडंच वर राहतं. म्हणजे संस्थेला जाणारे चाळीस पंचवीस-सव्वीसवर आले. तुम्हाला वाटलं तीस टक्के सुटले. तिकडे एक तृतीयांशाहून जास्त कापलं गेलं! आणि घराच्या वाट्यालाही तेवढीच कात्री लागली. वर तुम्ही मला "पुण्याचं काम करताय" म्हणून हात जोडलेलं चित्र पाठवता. नको मला ते चित्र.

वेळेचा तर कुणी हिशेबच धरत नाही. एका वस्तूमागे काय काय असतं माहीत आहे? आधी ती साफ करायची. खिडकीपाशी उजेडात नेऊन चारही बाजूंनी फोटो काढायचे, डाग असेल तर डागाचा जवळून वेगळा फोटो. टेप घेऊन मापं घ्यायची. तशाच वस्तू किती किमतीला खरोखर विकल्या गेल्या ते शोधायचं, नुसत्या मागितलेल्या किमती बघून चालत नाही. मग वर्णन लिहायचं. आणि एवढं सगळं लिहून टाकलं की पाचव्या मिनिटाला मेसेज येतो, "साइज काय?" लिहिलंय की हो! दुसऱ्या ओळीत लिहिलंय! लगेच दुसरा येतो, "अव्हेलेबल आहे का?" मी लिहिते, "हो, आहे." त्यानंतर शांतता. दिवसभर शांतता. ते वाक्य आधीच तयार ठेवलेलं असतं, नुसतं बोट टेकवलं की जातं, म्हणून जाता येता टेकवतात. इथे मी गॅस बंद करून, हात पुसून उत्तर द्यायला धावलेली असते.

"फायनल किती?" हा आणखी एक प्रकार. नमस्कार नाही, वस्तूचं नाव नाही, एकही प्रश्न नाही. फायनल किती. जी लिहिली आहे तीच फायनल आहे.

सगळ्यात वाईट ती "माझ्यासाठी ठेवा" म्हणणारी मंडळी. गेल्या महिन्यात एका बाईंनी आईचं पुस्तकांचं कपाट ठेवायला सांगितलं. शनिवारी संध्याकाळी नक्की येते म्हणाल्या. त्या आठवड्यात चार जणांनी विचारलं, चौघांना मी नाही म्हटलं, कारण शब्द दिला होता. शनिवारी नवऱ्याने आणि मी ते जड कपाट ओढत दारापर्यंत आणलं. सहा वाजले, सात वाजले, नऊ वाजले. फोन बंद. रविवारी दुपारी त्यांचा मेसेज आला, "दुसरीकडे स्वस्त मिळालं, सॉरी." त्या चौघांपैकी तिघांनी तोवर दुसरी घेतली होती, चौथ्याने उत्तरच दिलं नाही. कपाट अजून दारात आहे. येता जाता माझा गुडघा त्यावर आपटतो.

कुरिअरवाल्यांचं वजन हे वेगळंच प्रकरण. आईच्या जुन्या दिव्याची मोठी शेड मी विकली. कापड आणि तारेची, खोक्यासकट दोन किलोसुद्धा भरत नव्हती. पण बऱ्याच कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त तेच धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. माझा खोका पन्नास बाय चाळीस बाय चाळीस. म्हणजे सोळा किलो! मला नियम समजतो, हलका खोकासुद्धा गाडीत जागा अडवतो. पण वस्तू टाकताना मला हे ठाऊक नव्हतं, साइटने खरं वजन तेवढं विचारलं, आणि फरक नंतर माझ्या खात्यातून कापला. त्या शेडचे संस्थेला जेमतेम चहाचे पैसे गेले असतील. ती शेड आईने स्वतः शिवली होती.

पण हे सगळं मी गिळलं असतं. कपांचं मात्र मला गिळवत नाही.

आईचा चिनी मातीच्या कपांचा सेट होता. सहा कप, पाच बश्या. एका कपाच्या कानाला केसाएवढा तडा. मी जाहिरातीच्या शीर्षकातच लिहिलं, "एका कपाला तडा, एक बशी कमी." वर्णनात पुन्हा लिहिलं. तिसरा फोटो फक्त त्या तड्याचा होता, बोटाने दाखवून. किंमतही त्या हिशेबाने लावली. विकला गेला. प्रत्येक कप वेगळ्या कागदात गुंडाळला, मधे पुठ्ठा घातला, खोका हलवून बघितला, आतून आवाज येत नाही ना म्हणून. पैसे आले त्याच दिवशी अर्धे संस्थेला पाठवले. मी नेहमी तसंच करायची. हातात राहिले की दुसरीकडे खर्च होतात.

सहाव्या दिवशी तक्रार. "एका कपाला तडा आहे. फसवणूक झाली. पैसे परत हवेत."

मी साइटला शीर्षक दाखवलं, वर्णन दाखवलं, फोटो दाखवला. दोन ओळींचं तयार उत्तर आलं की वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार ग्राहकाच्या बाजूने निकाली काढली आहे. पूर्ण रिफंड, आणि परत पाठवण्याचा खर्चही माझ्याच माथी. खोका आला. उघडला तर आत कागद नाही, पुठ्ठा नाही, कप सुटे टाकलेले. आणखी दोन कप फुटलेले, एका बशीचे तुकडे.

संस्थेला दिलेले पैसे मी कुठल्या तोंडाने परत मागणार होते? मागितले नाहीत, मागणारही नाही. ते सगळे त्या महिन्याच्या घरखर्चातून गेले. म्हणजे कप गेले, पैसे गेले, जाण्यायेण्याचा खर्च गेला, आणि माझ्या नावापुढे एक तारा लागला, पाचपैकी एक. कप घेणाऱ्या त्या बाईंना मी उलट काहीच लावू शकत नाही. ईबेनेही २००८ पासून विकणाऱ्यांना ग्राहकाबद्दल वाईट शेरा देणं बंद केलं. विकणारे सूड म्हणून उलटे शेरे देतात आणि ग्राहक घाबरून खरं लिहीत नाहीत, असं कारण तेव्हा दिलं गेलं. असतीलही तसे विकणारे. पण आता तोल पार दुसरीकडे गेलाय. कप सुटे टाकून परत पाठवणारी बाई उद्या दुसऱ्या कुणाकडून घेईल तेव्हा त्या बिचाऱ्याला काहीही कळणार नाही.

ईबेचीच सुरुवातीची एक गोष्ट आहे. १९९५ साली पिएर ओमिडयारने ती साइट काढली, तेव्हा तिचं नाव ऑक्शनवेब होतं, आणि सुरुवातीलाच तिथे जी वस्तू विकली गेली ती होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याने घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, हा बिघडलेला आहे हे कळलंय ना तुम्हाला? तो म्हणाला, हो, मी बिघडलेलेच जमवतो. बस! एवढंच तर मागणं आहे. एकाने खरं लिहावं, दुसऱ्याने ते वाचावं. मी माझं काम तीन ठिकाणी केलं होतं. त्या बाईंनी एका ठिकाणी तरी वाचायला हवं होतं.

हे सगळं मी आमच्या एका नातेवाइकांना सांगितलं, तर ते मलाच शिकवायला लागले. म्हणे प्रत्येकाला आपली वस्तू जास्त मोलाची वाटते, तुझीच किंमत जास्त असेल. तो कपांचा प्रयोग मला माहीत आहे. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांचा, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला. काही जणांना कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं, तर घेणारे जे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत विकणाऱ्यांनी मागितली. प्रयोग खराच आहे. म्हणून तर मी स्वतःच्या मनाने किंमत लावत नाही, विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती बघून लावते, आणि त्यातूनही थोडी उतरवते. मोल मनात ठेवून किंमत लावली असती तर आईचा एक कपसुद्धा मी विकला नसता.

आणि ते चोर! "पैसे पाठवले" म्हणून खोटा स्क्रीनशॉट दाखवणारे, चुकून जास्त गेले म्हणून उरलेले परत मागणारे, पैसे मिळण्यासाठी पिन टाका म्हणणारे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. आपल्या खात्यात रक्कम स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत वस्तू दारातून हलवू नका. माझ्यावर दोनदा प्रयत्न झाला. दुसऱ्या वेळी त्या माणसाने विचारलं होतं, कुठल्या संस्थेला देता, मलाही काही द्यायचं आहे. संस्थेचं नाव ऐकून मी विरघळेन हे त्याला बरोबर ठाऊक होतं. त्याच्याबद्दल मला आता नुसता संताप येतो.

कपांनंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पैसे आल्याच्या दिवशी संस्थेला पाठवत नाही. परत करण्याची मुदत संपेपर्यंत वेगळे ठेवते. म्हणजे एखाद्याने जाहिरात वाचली नाही तर त्याची शिक्षा म्हणून कुणाच्या तरी घरी जाणारी नर्स पंधरा दिवस थांबते. मला ते करताना लाज वाटते, पण दुसऱ्यांदा घरखर्चातून भरायची माझी ऐपत नाही.

दुसरी गोष्ट आज केली, तो तिसरा मेसेज वाचल्यावर. चौदा जाहिराती चालू आहेत. चौदाही उघडल्या आणि "अर्धी रक्कम रुग्णसेवेसाठी" ही ओळ एकेक करून काढून टाकली. दोन वर्षांत त्या ओळीमुळे एकाही माणसाने पूर्ण किंमत आनंदाने दिलेली नाही. ती वाचून सगळ्यांनी कमीच मागितलं. आता वर फक्त वस्तूचं नाव, मापं, दोष आणि किंमत. पैसे जायचे तिथे जातील, ते कुणाला कळायची गरज नाही. "नाहीतरी" म्हणायला मी आता जागाच ठेवलेली नाही.