माडीवरची घुबडं कुणाच्याही हवाली करू नका

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया शांतपणे दोनदा वाचली. मनातलं आडपडदा न ठेवता लिहिलंत, ते बरं केलंत. गव्हाणी घुबडांवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की कौतुक लिहायला काय जातं, ज्याच्या माडीवर ती बसलीत त्याला विचारा. झरोक्यातून जोडी आत शिरली, तीन पिल्लं झाली. रात्रभर फिस्कारणं, भिंतीवर पांढरे ओघळ, खाली काळ्या गोळ्यांचा सडा. लेकरं अंधार पडल्यावर अंगणात यायला तयार नाहीत. त्यात आई अंथरुणाला लागल्या आणि सगळं घर घुबडाकडे बोट दाखवायला लागलं. शेवटी लिहिलंय, की शेजारच्या गावचा एकजण पिल्लं घेऊन जायला तयार आहे, वर पैसेही देतो म्हणतो, मग देऊन का टाकू नये?

आधी या शेवटच्या ओळीचं बोलतो, बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल. देऊ नका. घुबडाच्या पिल्लांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे काढणारा माणूस त्यांना रानात सोडायला नेत नाही. गुप्तधनाच्या नादाने, करणी-जादूटोण्यासाठी, आणि दिवाळीच्या तोंडावर तर लक्ष्मीचं वाहन म्हणूनच घुबडांचे बळी दिले जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि त्यात घेणाऱ्याबरोबर देणाराही अडकतो. तो माणूस पुन्हा दारात आला तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. तुमच्या प्रतिक्रियेतलं गावाचं नाव मी काढून टाकलंय, असल्या लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून.

आता आईंचं. त्यांच्या भीतीला मी हसणार नाही, कारण त्याच गोष्टी ऐकत मीही लहानाचा मोठा झालो. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नेऊन पाण्यात घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. रात्री कुणाला नावाने हाक मारू नये, घुबड ते नाव धरून ठेवतं. दगडाच्या गोष्टीने निदान मारणाऱ्याचा हात तरी थांबवला. पण आपल्याच मराठवाड्यात पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा, पिंगळ्याची बोली आपल्याला कळते म्हणायचा, आणि घरातल्या बायका त्याला सुपातून ज्वारी घालायच्या. आईंनीही घातली असेल, विचारून बघा. पिंगळा म्हणजे छोटं घुबडच की. त्याचा आवाज शुभ आणि तुमच्या माडीवरचा अशुभ, असं कसं होईल? आणि दादा, हे कळकळीने सांगतो: दोष घुबडाला देत बसण्यात आईंच्या औषधपाण्याला उशीर होऊ देऊ नका.

फिस्कारण्याचं म्हणाल तर ती पिल्लांची भूक आहे. मादी दोन-तीन दिवसांआड एकेक अंडं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. म्हणून तुम्हाला तिन्ही पिल्लं लहान-मोठी दिसतात. दिवस मावळला की ती खायला मागायला लागतात. तुम्ही वर गेल्यावर मान खाली घालून, पंख पसरून डोलतात, चोच वाजवतात, ते घाबरल्यामुळे. धाकट्याला त्यांची मान गरगर फिरते म्हणून भूत वाटतं ना? त्याला सांगा, घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत, बाजूला बघायचं तर मानच वळवावी लागते. आपल्या मानेत 7 मणके, त्याच्या मानेत 14. त्यामुळे ती पाऊण वळसा फिरते, पुरता नाही.

त्या काळ्या गोळ्या विष्ठा नव्हेत. घुबड उंदीर सबंध गिळतं, आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडावाटे टाकतं. घुबडं कोंबडीची पिल्लं उचलतात असा तुमचा संशय आहे, तो इथेच तपासता येईल. नाकाला रुमाल बांधा, गोळी कोमट पाण्यात भिजवा आणि सुईने हळूहळू सोडवा. आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या पडक्या खोलीतली गोळी मी अशीच सोडवली. करड्या केसांच्या लगद्यातून आधी बरगड्या निघाल्या, काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक. मग उंदराच्या कवट्या, पुढचे दात पिवळट-नारिंगी. आणि एक लांबुळकी कवटी, पांढऱ्या टोकदार दातांची: चिचुंद्री. तुमच्या गोळ्यांतही पिसं नि चोची सापडतात की हे दात, ते लेकरांनाच शोधू द्या. नंतर हात मात्र साबणाने धुवायला लावा.

मला सगळ्यांत जास्त खटकली ती तुम्ही सहज लिहून गेलेली ओळ, की धान्याच्या खोलीत ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषाच्या वड्या ठेवल्यात. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मलूल होऊन उघड्यावर फिरतो, आणि घुबडाला तोच आयता सापडतो. मग ते विष घुबडाच्या, तिथून पिल्लांच्या पोटात जातं, आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन ती मरतात. उरलेल्या वड्या आजच उचला, पिंजरे लावा. वावरात घाटेअळीसाठी हरभऱ्यात पक्षीथांबे रोवता, ते पीक निघाल्यावरही काही दिवस राहू द्या. दिवसा तिथे कोतवाल पक्षी बसतो, रात्री घुबड बसून उंदरांवर नजर ठेवतं.

घाणीचा आणि वासाचा त्रास खराच आहे, त्यावर वाद नाही. खाली जुनं गोणपाट अंथरा, आठवड्याला बदला. झाडण्याआधी पाणी शिंपडा, धूळ नाकात जाऊ देऊ नका. पिल्लं साधारण दोन महिन्यांत उडतात. पंखांवर तपकिरी पिसं भरत आलीत म्हणता, म्हणजे महिनाभराचा प्रश्न आहे. तोवर गोठ्याच्या आढ्याला एक लाकडी पेटी टांगा, वीतभर रुंद तोंडाची, ऊन-पाऊस लागणार नाही अशी. पिल्लं उडाली तरी काही दिवस निजायला माघारी येतात, तेव्हा घाई नको. माडी सलग आठवडाभर रिकामी दिसली की आत कुणी नाही हे दिवसाउजेडी बघून घ्या, आणि मग झरोक्याला जाळी ठोका.