म्युनिकहून सोलापूर चालत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. यंत्रमाग कारखानदारांच्या ग्रुपवर आहे, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहे, आणि पूर्व भागातल्या एका मंडळाच्या ग्रुपवर तर 'काय बे, वाचलास का नाही?' अशा शेऱ्यासकट आलाय. मजकूर थोडक्यात असा: जर्मनीतल्या म्युनिक शहरात आयडीयू नावाची एक गुप्त संघटना आहे. कॅनडाचे माजी पंतप्रधान स्टीफन हार्पर तिचे सूत्रधार. जगभरचे ऐंशीहून अधिक उजवे पक्ष तिच्या मुठीत. कुठल्या देशात कोणाला निवडून आणायचं हे तीच ठरवते, भाजपला आदेश आणि पैसा तिथूनच येतो, आणि भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही पक्षाचे असे परदेशी लागेबांधे नाहीत. खाली नेहमीचं शेपूट, डिलीट व्हायच्या आत पुढे पाठवा.

मेसेजचं मूळ कॅनडातलं दिसतं. तिथे हार्पर यांचे विरोधक अशा अर्थाच्या पोस्टी बरीच वर्षं टाकत आलेत. मराठीत उतरताना त्याला भाजप आणि पैसा ही जोड मिळाली. यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत: संघटना आहे आणि भाजप तिचा सदस्य आहे. उरलेल्याचा हिशोब एकेक करून घेऊ.

'गुप्त संघटना'

इंटरनॅशनल डेमोक्रसी युनियन (आधीचं नाव इंटरनॅशनल डेमोक्रॅट युनियन) स्थापन झाली २४ जून १९८३ ला, लंडनमध्ये. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर त्याच महिन्यात दुसऱ्यांदा निवडणूक जिंकल्या होत्या. जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल, अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थोरले बुश, पॅरिसचे तेव्हाचे महापौर जाक शिराक असे लोक उघडपणे जमले आणि एकोणीस पक्षांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सदस्य पक्षांची देशवार यादी संघटनेच्या वेबसाइटवर आहे. भारतासमोर भाजपचं नाव आहे. भाजपनेही ते कधी लपवलेलं नाही. गुप्ततेबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

'कोण निवडून येणार हे आयडीयू ठरवते'

मेसेजचा सगळा डोलारा या दाव्यावर उभा आहे, त्यामुळे इथे थोडं थांबायला हवं.

निवडणुका जिंकवून देणारी ही संघटना आपल्या स्वतःच्या अध्यक्षांना तरी जिंकवते का ते पाहा. ब्रिटनचे विल्यम हेग १९९९ ते २००२ या काळात आयडीयूचे अध्यक्ष होते. त्याच काळात, २००१ मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली हुजूर पक्षाने टोनी ब्लेअर यांच्याकडून सपाटून मार खाल्ला. त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड. नोव्हेंबर २००७ मध्ये हॉवर्ड सत्ता तर गमावून बसलेच, शिवाय बेनेलाँग हा स्वतःचा मतदारसंघही त्यांच्या हातून गेला. जगाच्या निवडणुका ठरवणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष, पदावर असताना, साधा खासदार म्हणूनही निवडून येत नाही.

हार्पर यांचं काय? २०१५ मध्ये ते कॅनडात हरले आणि २०१८ मध्ये आयडीयूचे अध्यक्ष झाले. म्हणजे हे पद माजी पंतप्रधानांची उत्तम सोय आहे; त्यांच्या आधीचे न्यूझीलंडचे जॉन की हेही पंतप्रधानपद सोडल्यावर काही काळ त्यावर होतेच. हार्पर अध्यक्ष असतानाच, २८ एप्रिल २०२५ ला, त्यांच्याच कॅनडात त्यांचाच पक्ष पुन्हा हरला, आणि पक्षनेते पियेर पॉलिएव्ह कार्लटन या आपल्या जुन्या मतदारसंघातही पडले. आठवडा उलटायच्या आत, ३ मे ला, ऑस्ट्रेलियातल्या लिबरल पक्षाचे नेते पीटर डटन यांची तीच गत झाली: पक्ष हरला आणि डिक्सनची जागाही गेली. दोन्ही पक्ष आयडीयूचे जुने सदस्य.

कॅनडातला पराभव का झाला, हे तर या मेसेजवाल्यांनी मुद्दाम वाचावं. जानेवारी २०२५ पर्यंत पॉलिएव्ह जनमत चाचण्यांत कितीतरी पुढे होते. मग डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडावर आयातशुल्काची कुऱ्हाड उगारली, कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य म्हणायला सुरुवात केली, आणि चिडलेला मतदार समोरच्या बाजूच्या, म्हणजे कॅनडातल्या लिबरल पक्षाच्या मार्क कार्नींकडे वळला. ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्षही आयडीयूचा संस्थापक सदस्य. एका सदस्य पक्षाच्या नेत्याने दुसऱ्या सदस्य पक्षाची निवडणूक बुडवली, आणि ती बुडाली ती संघटनेच्या अध्यक्षाच्याच देशात.

आपल्याकडचंही आठवा. २०२४ च्या लोकसभेला भाजप २४० वर अडकला, बहुमताला २७२ लागतात. सोलापूरची जागा प्रणिती शिंदे यांनी काँग्रेसकडे परत आणली. सहाच महिन्यांनी विधानसभेला शहरातल्या तिन्ही जागा भाजपने जिंकल्या. ही उलटापालट म्युनिकमध्ये बसून कोणी घडवली असेल, तर त्याला सोलापूरचे मतदार आपल्या नगरसेवकांपेक्षा बरे कळतात म्हणायचे.

'सदस्य पक्षांना वरून आदेश येतात'

२००३ चं इराक युद्ध घ्या. अमेरिकेत धाकटे बुश राष्ट्राध्यक्ष होते, म्हणजे १९८३ च्या त्या बैठकीला हजर असलेल्या बुश यांचेच चिरंजीव. ऑस्ट्रेलियात हॉवर्ड पंतप्रधान होते आणि त्या वेळी आयडीयूचे अध्यक्षही. दोघांनी सैन्य पाठवलं. संयुक्त राष्ट्रांत या युद्धाच्या आड सगळ्यात ठामपणे कोण उभं राहिलं? फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक, १९८३ च्या त्याच मेळाव्यातले. युद्ध की शांतता या प्रश्नावर ज्या संघटनेला आपल्या संस्थापकालाही ओढून आणता आलं नाही, ती कसले आदेश देणार!

इतक्या लांब जायचीही गरज नाही. सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशात जातो, अमेरिकेतही जातो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यातले २५ टक्के तर रशियाचं तेल घेतो म्हणून शिक्षा. त्याच वेळी टॉवेलच्या बाजारातला आपला पक्का स्पर्धक पाकिस्तान १९ टक्क्यांवर होता, बांगलादेश २० वर. वॉशिंग्टनमध्ये आयडीयूचा सदस्य पक्ष सत्तेत, दिल्लीत आयडीयूचा सदस्य पक्ष सत्तेत, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराने ऑर्डर थांबल्याचा फोन घ्यायचा. ज्या ग्रुपवर ऑगस्ट २०२५ मध्ये शुल्काच्या बातम्यांनी रडारड चालली होती, त्याच ग्रुपवर आज 'सगळे एकाच मालकाचे नोकर' असं फिरतंय. हा मालक आपल्या एका नोकराला दुसऱ्याच्या मालावर ५० टक्के लावू देतो, एवढंच मग म्हणायचं.

'सगळे एकाच साच्यातले कट्टर उजवे'

या यादीत जर्मनीचा सीडीयू आहे. २०१५ मध्ये लाखो निर्वासितांना देशात घेणाऱ्या अँगेला मर्केल त्याच पक्षाच्या. तैवानचा कुओमिंतांग आहे, घानाचा एनपीपी आहे, नॉर्वे आणि स्वीडनचे मवाळ पक्ष आहेत. ब्रिटनमध्ये डेव्हिड कॅमेरून आणि न्यूझीलंडमध्ये जॉन की पंतप्रधान असताना, २०१३ मध्ये, समलिंगी विवाह कायदेशीर झाले आणि दोघांनीही बाजूने मत दिलं. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच मागणीला भारत सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. मुक्त बाजार, निवडणुका, साम्यवादाला विरोध अशा ढोबळ गोष्टींवर हे पक्ष एकत्र येतात. त्यापुढे ज्याचं त्याचं.

'भारतातल्या दुसऱ्या पक्षांचं असं काही नाही'

आहे की. काँग्रेस प्रोग्रेसिव्ह अलायन्समध्ये आहे. डाव्या-मध्यममार्गी पक्षांची ही आघाडी २०१३ मध्ये जर्मनीतच, लाइपझिगला उभी राहिली. त्याआधीची सोशालिस्ट इंटरनॅशनल १९५१ ची, लिबरल इंटरनॅशनल १९४७ ची. उजव्यांनी आयडीयू काढली ती या जुन्या दोघींच्या कितीतरी मागून. पक्षांनी परदेशातल्या समविचारी पक्षांशी मैत्री ठेवणं हा गुन्हा असेल तर आरोपींच्या पिंजऱ्यात बरीच गर्दी होईल.

आणि आदेश देणारी आंतरराष्ट्रीय संघटना कशी असते हे सोलापूरसारख्या गिरण्यांच्या, लाल बावट्याच्या गावाला कोणी शिकवायला नको. १९१९ मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, पुढच्याच वर्षी प्रवेशासाठी एकवीस अटी घातल्या. वरचा निर्णय खालच्या प्रत्येक पक्षावर बंधनकारक. १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला, आणि जे युद्ध कालपर्यंत साम्राज्यवाद्यांचं होतं ते आपल्याकडच्या कम्युनिस्टांसाठी लोकयुद्ध झालं. १९४२ च्या चले जावपासून पक्ष त्यामुळेच बाजूला राहिला. त्याची किंमत पक्षाने पुढे कित्येक वर्षं मोजली. कॉमिन्टर्न १९४३ मध्ये विसर्जित झाली. आयडीयूकडे तशा अटी नाहीत, तशी शिस्त नाही आणि ती लादण्याचं साधनही नाही.

मग तिथे करतात तरी काय? पक्षनेत्यांच्या परिषदा होतात, ठराव होतात, तरुणांच्या आणि महिलांच्या वेगळ्या शाखा भरतात, एकमेकांच्या अधिवेशनांना पाहुणे जातात. प्रचार कसा करायचा, मतदारांची माहिती कशी वापरायची, यावर देवाणघेवाण होते. मोठ्या व्यापाऱ्यांच्या असोसिएशनसारखंच हे. ओळखी वाढतात, पण कोणी कोणाचं दुकान चालवत नाही. प्रचाराची तंत्रं देशोदेशी फिरतात हे खरं. ऑस्ट्रेलियाच्या लिबरल पक्षाला जिंकवणारे लिंटन क्रॉस्बी ब्रिटनच्या हुजूर पक्षासाठी २००५ मध्ये गेले आणि हरले, २०१५ मध्ये गेले आणि जिंकले. पण ते गेले फी घेऊन, सल्लागार म्हणून.

आयडीयूवर टीका करायचीच असेल तर जागा दुसरीकडे आहे. हंगेरीच्या व्हिक्टर ओर्बान यांच्या फिडेस पक्षाने न्यायालयं, माध्यमं, निवडणूक कायदे एकेक करून आपल्या बाजूला वळवले. युरोपातल्या मध्यम-उजव्या पक्षांची ईपीपी ही आघाडी त्यावरून वर्षानुवर्षं कुरकुरत राहिली. शेवटी मार्च २०२१ मध्ये फिडेसलाच तिथून बाहेर पडावं लागलं. आयडीयूत मात्र फिडेस राहिला, आणि २०२३ मध्ये हार्पर बुडापेस्टला जाऊन ओर्बान यांना भेटलेही. लोकशाहीच्या नावाने काढलेल्या संघटनेला हे शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हा आरोप मेसेजच्या नेमका उलटा आहे. मेसेज म्हणतो संघटना सदस्यांवर फार हुकूम चालवते. खरी तक्रार अशी की ती सदस्यांना काहीच बोलत नाही. समोरची बाजूही फार वेगळी नाही. इजिप्तच्या होस्नी मुबारक यांचा पक्ष आणि ट्युनिशियाच्या बेन अली यांचा पक्ष, दोघेही सोशालिस्ट इंटरनॅशनलचे सदस्य होते. त्यांना काढलं केव्हा, तर जानेवारी २०११ मध्ये, लोक रस्त्यावर उतरल्यावर.

'पैसा तिथून येतो'

मेसेजमध्ये याचा एकही पुरावा नाही. नुसती एक ओळ आणि तीन उद्गारचिन्हं. भारतीय पक्षांना परदेशी देणगी घेण्यास कायद्यानेच बंदी आहे: लोकप्रतिनिधित्व कायद्यातही आणि परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्यातही. कायदा आहे म्हणजे पाळला जातो असं नाही, हे मान्य. पण तो मोडल्याचं प्रकरण खरोखर घडलंय आणि त्याचा निकालही उपलब्ध आहे. २८ मार्च २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की लंडनच्या वेदांत समूहाच्या भारतातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही एफसीआरए मोडला, आणि कारवाईचे आदेश दिले.

पुढे जे झालं त्यात म्युनिकचा काही संबंध नाही. २०१६ च्या वित्त विधेयकात परदेशी कंपनीची व्याख्या बदलली, तीही २०१० पासून मागे लागू होईल अशी. तरी २०१० च्या आधीच्या देणग्या त्यातून सुटत नव्हत्या. म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख आणखी मागे नेली, थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत. म्हणजे बेचाळीस वर्षांत दोन्ही पक्षांनी अशा कंपन्यांकडून जे काही घेतलं असेल ते एका ओळीत माफ. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने हे विधेयक गोंधळात, चर्चेशिवाय मंजूर केलं.